नोहाचे तारू आणि तंजावूरचा कौल

१. वाचक विचारतो तो प्रश्न

देव जर दयाळू असेल, तर त्याने साऱ्या जगाला पाण्यात का बुडविले. आणि बुडवायचेच होते, तर एकट्या नोहाचे कुटुंब तेवढे का राखिले? इब्री लोकांच्या प्राचीन धर्मग्रंथातील जलप्रलयाची कथा ज्याने ज्याने ऐकली, त्याच्या मनात हा प्रश्न उठल्यावाचून राहिलेला नाही, आणि तो उठणे हे श्रोत्याच्या न्यायबुद्धीचेच लक्षण होय. 'ईश्वराची इच्छा अगाध आहे' एवढे बोलून जो या प्रश्नाची वासलात लावतो तो विचारणाऱ्याचे तोंड बंद करतो, आणि 'ही एक जुनाट दंतकथा आहे' असे म्हणून जो हात झटकतो तोही वेगळे काही करीत नाही. आपण या प्रकरणात कथेचे स्वतःचे म्हणणे आधी स्वस्थपणे ऐकून घेऊ, मग तिच्यातील न्याय, आज्ञापालन आणि सुटका या तीन कल्पना एकामागून एक उलगडू, आणि हे सर्व तंजावूरच्या भूमीवर उभे राहून करू.

तंजावूरच का, याला कारण आहे. तंजावूरचा राजा रघुनाथ नायक याने १६२० साली डॅनिश व्यापाऱ्यांना तरंगंबाडीचे बंदर दिले. पुढे नायकांचे राज्य जाऊन तेथे भोसल्यांचा अंमल बसला. आणि १७०६ साली त्याच बंदरात उतरलेल्या बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग या जर्मन धर्मोपदेशकाने बायबलाचे तमिळ भाषांतर आरंभिले. १७१९ साली तो वारला तेव्हा जुन्या कराराचे काम रूथच्या पुस्तकापर्यंत आले होते; उरलेले बेंजामिन शुल्त्से याने हाती घेतले आणि १७२८ पर्यंत सर्व छापून झाले. नोहाची कथा 'उत्पत्ती' या पहिल्याच पुस्तकात आहे. तेव्हा ती तरंगंबाडीच्या छापखान्यात तमिळ अक्षरांत जुळविली जात असता तंजावूरच्या गादीवर पहिले सरफोजी राजे भोसले बसलेले होते. मराठ्यांच्या राज्यात ही कथा अशी फार लवकर आली, आणि ती आली ती अशा प्रदेशात, की जेथे प्रलयाच्या दोन कथा देवळांच्या पायाशीच रुजलेल्या होत्या.

२. कथा काय सांगते

उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायापासून नवव्यापर्यंत ही कथा पसरलेली आहे. पृथ्वीवर माणसे वाढली आणि त्यांच्याबरोबर जुलूमही वाढला. देवाने ते पाहिले, मनुष्य निर्माण केल्याचा त्याला खेद झाला, आणि त्याच्या अंतःकरणाला दुःख झाले. त्या पिढीत नोहा एवढा न्यायाने चालणारा होता. देवाने त्याला एक तारू बांधण्याची आज्ञा दिली, त्याची मापे सांगितली, आतून-बाहेरून डांबर लावावयास सांगितले, आणि स्त्री, तीन पुत्र, तीन सुना व प्रत्येक जातीचे प्राणी घेऊन आत जावयास फर्माविले. नोहाने तसे केले. आकाशाचे आणि खोल जलाचे झरे एकदम फुटले, चाळीस दिवस पर्जन्य कोसळला, डोंगर बुडाले. मग देवाला नोहाची आठवण झाली, वारा सुटला, पाणी ओसरू लागले, तारू अरारातच्या डोंगरांवर टेकले. नोहाने आधी कावळा सोडला, मग पारवा. पारवा एकदा रिकामा परतला, दुसऱ्या वेळी जैतुनाचे कोवळे पान घेऊन आला, तिसऱ्या वेळी आलाच नाही. बाहेर पडल्यावर नोहाने वेदी बांधून हवन केले, आणि देवाने पुन्हा असा प्रलय न करण्याचा करार करून मेघांत धनुष्य ठेविले.

विद्वानांनी या कथेत दोन जुन्या कथनांचे धागे एकत्र विणलेले ओळखले आहेत. एका ठिकाणी प्रत्येक जातीची एकेक जोडी घ्यावयास सांगितले आहे, दुसऱ्या ठिकाणी शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या. एकीकडे पाऊस चाळीस दिवसांचा, दुसरीकडे पाण्याचा जोर दीडशे दिवसांचा. वाचकाने या विसंगतीने बिचकू नये. ज्याने हे धागे विणले त्याला दोन्ही परंपरा पवित्र वाटत होत्या, म्हणून त्याने एकही कापली नाही.

३. तीनशे हात, आणि एक वर्ष

तारवाची लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास आणि उंची तीस. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. हे माप आपल्याकडेही चालत आलेले असल्यामुळे मराठी वाचकाला हिशेब करणे सोपे जाते. दीड फुटाचा हात धरला तर लांबी ४५० फूट, रुंदी ७५ आणि उंची ४५ येते. तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराचे विमान सुमारे २१६ फूट उंच आहे. तसली दोन विमाने आडवी करून एकापुढे एक ठेवली तरी तारवाच्या लांबीत मावून वर थोडी जागा उरेल. तारवाला तीन मजले होते. एका मजल्याचे क्षेत्र ४५० गुणिले ७५, म्हणजे ३३,७५० चौरस फूट. तिन्हींचे मिळून एक लाखाहून किंचित अधिक, म्हणजे सव्वादोन एकरांच्या थोडे वर.

हे आकडे तारू खरोखर असे होते हे सिद्ध करण्यासाठी येथे दिलेले नाहीत. कथेने जे सांगितले आणि जे सांगितले नाही, तिकडे त्यांनी लक्ष वेधावे एवढाच उद्देश आहे. लांबी, रुंदी, उंची, मजले, दार, वरचा झरोका, लाकडाची जात, डांबर, सर्व काही बारकाईने सांगितले आहे. मात्र सुकाणू, डोलकाठी, शीड किंवा वल्हे यांचा उल्लेखही नाही. ज्याला दिशा देता येत नाही असे हे जलयान आहे. नोहाने ते बांधायचे, त्यात शिरायचे, आणि पुढचा मार्ग त्याच्या हाती नाही. दारसुद्धा त्याने स्वतः लाविले नाही. तो आत गेल्यावर देवाने ते बाहेरून बंद केले, असे ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे.

काळाचा हिशेबही असाच बोलका आहे. प्रलय सुरू झाला तो दुसऱ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी, आणि जमीन पूर्ण कोरडी झाली ती पुढील वर्षीच्या दुसऱ्या महिन्याच्या सत्ताविसाव्या दिवशी. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे. त्यावर सतरा ते सत्तावीस ही दोन्ही टोके धरून अकरा दिवस मिळविले की ३६५ होतात, म्हणजे सूर्याचा एक पूर्ण फेरा. अधिकमासाची परंपरा ज्यांच्या पंचांगात आहे त्यांना हे अकरा दिवस कोठून आले ते सांगावे लागत नाही. कथा ऐकताना आपल्या ध्यानात चाळीस दिवसांचा पाऊस राहतो, परंतु नोहाच्या वाट्याला एक सबंध वर्षाची कोंडी आली होती. पाऊस थांबल्यावरही त्याने आज्ञेवाचून दार उघडले नाही.

४. न्याय: फिर्याद कोणाची होती?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. प्रलयाच्या कथा अनेक देशांत आहेत आणि प्रत्येकीत पाणी येते. ते का येते, या ठिकाणी त्यांचे मार्ग वेगळे होतात. १८७२ साली ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज स्मिथ या गृहस्थाने मातीच्या विटांवरील बाबिलोनी लेख वाचून त्यांत नोहाच्या कथेशी चकित करणारे साम्य असलेली कथा शोधून काढली. गिल्गमेशाच्या त्या काव्यात नाव आहे, प्राणी आहेत, पक्षी सोडणे आहे, डोंगरावर टेकणे आहे. तिच्याहून जुन्या अत्राहासिसाच्या काव्यात तर प्रलयाचे कारणही दिले आहे: माणसे फार वाढली, त्यांचा गलबला फार झाला, आणि मुख्य देवाची झोप मोडू लागली.

इब्री कथाकाराने ही जुनी चौकट घेतली असे मानले, तरी त्याने तिच्यातील कारण समूळ बदलले, आणि त्याचे सारे थोरपण मला या बदलात दिसते. त्याच्या कथेत देवाची झोप मोडत नाही. चौथ्या अध्यायात काइनाने आपला भाऊ हाबेल याला शेतात गाठून ठार केले, तेव्हा त्या रक्ताने जमिनीतून हाक दिली असे ग्रंथ सांगतो. तीच पहिली फिर्याद. काही पिढ्यांनंतर लामेख नावाचा पुरुष आपल्या बायकांपुढे बढाई मारतो, की मला घाव घालणाऱ्या तरुणाला मी मारून टाकले आणि माझा सूड सत्त्याहत्तर पट होईल. एका खुनाची लाज येथे वाढत वाढत खुनाच्या अभिमानापर्यंत आली आहे. मग सहाव्या अध्यायात पृथ्वी जुलुमाने भरून गेल्याचे वाक्य येते, आणि निवाडा होतो. पाहणी, कारण, निवाडा आणि अंमलबजावणी असा हा क्रम आहे. लहरीला त्यात जागा नाही. आणि निवाडा देणारा त्या निवाड्याने स्वतः दुःखी झाला आहे, ही गोष्ट कथाकार निवाड्याच्या आधी सांगतो.

तरीही प्रश्न उरतो, आणि तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तान्ह्या मुलांनी कोणता जुलूम केला होता? रानातल्या हरिणीने कोणाचे रक्त सांडले होते? कथा याचे उत्तर देत नाही. जुलमाने खुद्द पृथ्वी भ्रष्ट झाली, असा तिचा विचार आहे. त्या विचारात व्यक्तीव्यक्तीचा वेगळा हिशेब नाही. पण त्याच ग्रंथात, दहा-एक अध्याय पुढे, हाच हिशेब मागणारा माणूस उभा राहतो. सदोम नगराचा नाश होणार हे कळताच अब्राहाम देवापुढे उभा राहून विचारतो, की दुष्टांबरोबर न्यायीही मारले जाणार काय? नगरात पन्नास न्यायी निघाले तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस? शेवटी तो दहावर येऊन थांबतो, आणि देव प्रत्येक वेळी कबूल होतो. ज्याच्याकडे निवाडा आहे त्याच्यासमोरच निवाड्याविषयी असा वाद घालता येतो, आणि तो वाद ग्रंथाने जपून ठेविला, याचा अर्थ आपल्या मनातला प्रश्न त्या ग्रंथाला परका नाही.

५. कुंभ आणि होडी

कावेरीच्या खोऱ्यातील प्रलयकथा याहून फार निराळ्या आहेत, आणि त्या शेजारी ठेवल्या म्हणजे इब्री कथेचा विशेष अधिक उठून दिसतो. कुंभकोणम या गावाची स्थलकथा अशी, की महाप्रलय जवळ आला तेव्हा ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजे अमृतासह एका कुंभात घालून तो पाण्यावर सोडला. कुंभ तरंगत तरंगत येथे येऊन टेकला. शिवाने किराताचे रूप घेऊन बाण मारला, कुंभ फुटला, आणि अमृत सांडले तेथे तीर्थ झाले. आदि कुंभेश्वराचे मंदिर आणि बारा वर्षांनी ज्याच्या काठी यात्रा भरते ते महामहम तळे या कथेची साक्ष म्हणून दाखविले जाते. जुन्या तंजावूर जिल्ह्यातच शीर्काळी आहे, ज्ञानसंबंधरांचे जन्मस्थान. प्रलयात शिव-पार्वती चौसष्ट कलांसह होडीत बसून तेथे आली अशी तेथील श्रद्धा आहे, आणि होडीवरूनच तेथल्या देवाला तोणियप्पर म्हणतात.

या दोन्ही कथांत प्रलय हा कोणाचा अपराध म्हणून येत नाही. कल्प संपला की तो येतोच. वाचविले जाते ते बीज, ज्ञान आणि तीर्थाचे पावित्र्य. शतपथ ब्राह्मणातील मनूच्या कथेतही मासा मनूला प्रलयाची सूचना देतो तो मनूने त्याचे लहानपणी रक्षण केले म्हणून. जग दुष्ट झाले असे तेथे कोणी म्हणत नाही. आपल्या कथांची दृष्टी काळाच्या चक्रावर आहे, इब्री कथेची माणसाच्या वर्तनावर. यांत कोणती श्रेष्ठ हे ठरविण्याचा मला मोह नाही. काळाच्या चक्राकडे पाहणाऱ्याला मृत्यूविषयी धैर्य मिळते, आणि वर्तनाकडे पाहणाऱ्याला शेजाऱ्याच्या रक्ताविषयी जाब द्यावा लागतो; समाजाला या दोन्हींची गरज पडते.

६. आज्ञापालन: पाऊस पडण्याआधी

प्रलयाच्या सबंध कथेत नोहा एक शब्दही बोलत नाही. देव बोलतो, नोहा करतो. त्याचे पहिले शब्द ऐकू येतात ते पाणी ओसरून, करार होऊन, द्राक्षमळा लागल्यानंतर. यहुदी आचार्यांनी या मौनाची बारकाईने छाननी केली आहे. 'आपल्या पिढीत न्यायी' हे विशेषण स्तुतीचे, की त्या पिढीच्या मानाने बरा एवढाच त्याचा आशय, असा वाद त्यांच्यात झाला. आणि अब्राहामाने परक्या नगरासाठी रदबदली केली, मग नोहाने साऱ्या जगासाठी का केली नाही, असेही काहींनी विचारले. हा आक्षेप रास्त आहे. तरी नोहाच्या आज्ञापालनात एक गोष्ट अशी आहे, की जी केवळ मुकाट्याने मान तुकविण्यात नसते: आकाश निरभ्र असताना, ज्या संकटाचा पुरावा डोळ्यांपुढे नाही, त्यासाठी त्याने सव्वादोन एकरांचे तारू उभारले. त्याच्या हाती होता तो केवळ दुसऱ्याचा शब्द.

शब्दावर विसंबून कामाला लागणे म्हणजे काय, याचे एक खरे उदाहरण तंजावूरच्या इतिहासात आहे. १७८१ साली हैदर अलीची फौज तंजावूरच्या मुलखात घुसली. तुळजाजी राजे गादीवर होते, किल्ल्यात शिपायांची मोठी पलटण आणि आश्रयाला आलेली प्रजा होती, आणि धान्य नव्हते. मुलखात धान्य होते, परंतु ते किल्ल्यात आणायला बैल मिळेनात. याचे कारण रयतेने पूर्वी चाखलेले होते: मागे बैल आणून दिले त्यांचे भाडे मधल्या कारभाऱ्यांनी गिळले होते, तेव्हा आता दरबाराचा हुकूम आला तरी कोणी हलेना, आणि विनवणी आली तरीही हलेना. रस्त्यांत रोज सकाळी प्रेते दिसू लागली. अखेरीस राजांनी आपल्या माणसांजवळ कबूल केले, की तुमची-आमची पत गेली आहे, आता श्वार्ट्झवर लोक विश्वास ठेवतात का ते पाहू.

ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा प्रशियातून १७५० साली तरंगंबाडीस आलेला धर्मोपदेशक त्या वेळी तंजावूरात राहत होता. करार करण्यासाठी कोरा कागद त्याच्या हाती देण्यात आला. त्याने चहूकडे पत्रे धाडून कळविले, की प्रत्येक बैलाचे पैसे मी स्वतःच्या हाताने देईन, आणि शत्रूने बैल पळविला तर त्याचीही भरपाई देईन. एक-दोन दिवसांत हजाराहून अधिक बैल आले. त्याची माणसे जिवावर उदार होऊन मुलखात गेली आणि थोड्याच अवधीत ८०,००० कलम (कलम हे तिकडचे धान्याचे माप) धान्य किल्ल्यात पोहोचले. किल्ला वाचला. श्वार्ट्झने दिलेला शब्द पैन् पै पाळला आणि वर थोडी बक्षिशी देऊन लोकांना घरी पाठविले. पुढे काही वर्षांनी राज्यकारभाराच्या जाचाने रयत गाव सोडून परागंदा झाली, तेव्हाही तिला माघारी आणण्याचे काम त्याच्याच शब्दाने केले. एका दिवसात ७,००० माणसे परत आली.

त्या शेतकऱ्यांना आपण आज्ञाधारक म्हणावे की नाही? राजाचा हुकूम त्यांनी धुडकावला होता, म्हणून दरबाराच्या दप्तरात ते आज्ञाभंग करणारेच ठरले असतील. परंतु ज्याचा शब्द खरा ठरलेला आहे त्याच्या शब्दाखातर, शत्रूच्या घोडदळातून, आपली एकुलती एक मालमत्ता घेऊन ते निघाले. नोहाच्या आज्ञापालनाला मी याच जातीचे मानतो. भीतीने वाकणाऱ्याला हुकूम पुरतो. तारू बांधायला विश्वास लागतो. आणि विश्वास मागणाऱ्यावरही एक जबाबदारी येते, की त्याने आपला शब्द पाळून दाखविलेला असला पाहिजे.

७. एका गुरूचे दोन शिष्य

आज्ञा नेमकी कोणाची पाळायची, हा याच्या पुढचा प्रश्न, आणि त्याचीही कसोटी तंजावूरात लागली. तुळजाजी राजे १७८७ साली निवर्तले. त्यांनी दत्तक घेतलेला बालक, म्हणजे दुसरे सरफोजी, यांच्या रक्षणाचा भार त्यांनी श्वार्ट्झवर सोपविला होता. गादीवर मात्र तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग बसले आणि मुलाला कोंडीत दिवस काढावे लागले. श्वार्ट्झने कंपनी सरकारकडे खटपट करून त्याच्याभोवती पहारा बसविला, १७९३ साली त्याला मद्रासेस हलविले, त्याचे शिक्षण केले. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला, आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. तंजावूरच्या चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समनने घडविलेले संगमरवरी शिल्प आहे. मरणोन्मुख गुरूचा हात हाती घेऊन उभा असलेला तरुण सरफोजी त्यात दिसतो. ते स्मारक सरफोजींनीच करविले.

परंतु हा राजा ख्रिस्ती झाला नाही. तो शिवभक्त राहिला, भोसले कुळाचा मराठी इतिहास त्याने १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरविला, काशीयात्रा केली, आणि सरस्वती महालात जगातले ग्रंथ गोळा केले. ज्याने त्याचा जीव वाचविला, त्याने त्या उपकाराच्या मोबदल्यात त्याचा धर्म मागितला नाही. सुटकेचे हे अंग मला फार मोलाचे वाटते.

त्याच गुरूचा दुसरा शिष्य वेदनायकम शास्त्री. १७७४ साली तिरुनेलवेलीस जन्मलेल्या या मुलाला श्वार्ट्झने तंजावूरास आणले. तो तमिळ कवी झाला आणि सरफोजींच्या दरबाराचा आश्रय त्याला लाभला. कुरवंजी नावाचा नाट्यप्रकार तेव्हा तंजावूरात भरभराटीला आला होता: शरभेंद्र भूपाल कुरवंजी बृहदीश्वराच्या देवळात खेळली जाई, आणि देवेंद्र कुरवंजी या मराठी रचनेत तर सरफोजींनी जगाचा भूगोल गाण्यांत घातला. वेदनायकम शास्त्रींनी हाच प्रकार घेऊन बेथलेहेम कुरवंजी रचली. तमिळ ख्रिस्ती परंपरेत असे सांगतात, की राजाने त्यांना बृहदीश्वरावर तशीच रचना करावयास सांगितले, तेव्हा त्यांनी ती करण्याचे नाकारले, आणि नकार म्हणून ख्रिस्ताच्या स्तुतीचे पद गाइले. अन्नदात्याच्या दरबारात असा नकार देणे हे साहसच, आणि त्यानंतरही दोघांचा संबंध तुटला नाही असे तीच परंपरा सांगते. राजाने आपल्या देवाशी इमान राखले, कवीने आपल्या. आणि दोघांनी हे शिकले ते एकाच माणसाच्या हाताखाली.

८. सुटका, आणि नंतरचा कौलनामा

आता शेवटची कल्पना. प्रलयाने काय साधले? सहाव्या अध्यायात निवाड्याचे कारण दिले आहे, की माणसाच्या मनातील विचारांचा कल वाईटाकडे आहे. आठव्या अध्यायात, पाणी ओसरल्यावर, पुन्हा प्रलय न करण्याचे कारण देव सांगतो, आणि ते कारण जवळजवळ त्याच शब्दांत तेच आहे: माणसाच्या मनाचा कल लहानपणापासूनच वाईटाकडे असतो. कावेरीकाठचा शेतकरी भातखाचरात पाणी कोंडून तण कुजवितो, आणि पुढल्या हंगामात चिखलातल्या बियांतून तण पुन्हा वर येते. तसे हे झाले. माणूस बदलला नाही. बदलला तो निवाडा करणाऱ्याचा निश्चय. बुडवून माणूस सुधारत नाही हे जणू त्याने स्वतःच नोंदवून ठेविले, आणि यापुढे त्या मार्गाने न जाण्याचे वचन दिले.

मराठेशाहीच्या कारभारात ओसाड पडलेल्या गावच्या रयतेला परत बोलाविण्यासाठी सरकार कौलनामा देत असे: या, जमीन कसा, अमुक वर्षे सारा हलका राहील, जुन्या बाकीसाठी तगादा होणार नाही. नवव्या अध्यायातील करार बराचसा अशा कौलाच्या धर्तीचा आहे, फरक इतकाच की त्याला मुदत नाही आणि अट नाही. तो नोहाशी आहे, त्याच्या वंशाशी आहे, आणि तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक पशुपक्ष्याशीही आहे. धनुष्य मेघांत ठेविले ते माणसाने पाहावे म्हणून तर आहेच. पण देव म्हणतो, की ते पाहून मी आपला करार आठवीन. कौल देणाऱ्याने स्वतःलाच बांधून घेतले आहे.

या करारातून एक परिणाम निघतो, आणि तो स्पष्ट सांगणे मला अत्यंत आवश्यक वाटते. २६ डिसेंबर २००४ रोजी समुद्र नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर चढून आला, आणि एका सकाळीत त्या एका जिल्ह्यातील ६,००० हून अधिक माणसे गेली. त्यांत कोळीवाड्यांतली मुले होती, आणि नाताळानंतर वेलांकण्णीच्या दर्शनाला आलेले यात्रेकरू होते. अशा वेळी कोणी ना कोणी म्हणतोच, की हा पापाचा दंड आहे. नोहाची कथा आधार म्हणून पुढे करून तर कोणालाही तसे म्हणता येत नाही. ज्या देवाच्या नावाने तो बोलतो, त्या देवाने पाण्याने निवाडा करण्याचा अधिकार नवव्या अध्यायात आपण होऊन सोडून दिला आहे. समुद्राखालची भूमी हादरली आणि लाट उठली, हे त्या आपत्तीचे कारण. बुडालेल्याला अपराधी ठरविणारा माणूस कथा अर्धीच वाचून उठला आहे.

मग निवाड्याचे काय झाले? तो संपला नाही, त्याची जागा बदलली. त्याच नवव्या अध्यायात देव म्हणतो, की माणसाच्या रक्ताचा जाब मी मागेन, आणि प्रत्येकाच्या हातून त्याच्या भावाच्या जिवाचा जाब मागेन. हाबेलच्या रक्ताची फिर्याद अशी निकालात निघाली नाही. ती माणसांच्या हवाली झाली. यहुदी आचार्यांनी नोहाच्या वंशजांना, म्हणजे त्यांच्या मते साऱ्या मनुष्यजातीला, लागू असलेल्या सात आज्ञा सांगितल्या आहेत. खून करू नये, चोरी करू नये, जिवंत प्राण्याचा अवयव तोडून खाऊ नये अशा त्या आज्ञा बहुतेक निषेधाच्या आहेत. काहीतरी उभे करा असे सांगणारी त्यांत एकच आहे, आणि ती आहे न्यायसभा स्थापन करण्याची.